जिल्ह्याचा चित्रपट महोत्सव : पडदा आणि प्रेक्षक

चित्रपट महोत्सवातील वैविध्याचा विचार बहुधा पडद्यावर काय दाखवले एवढ्यापुरताच केला जातो. स्त्री दिग्दर्शकांचे किती चित्रपट निवडले, दलित, भटक्या-विमुक्त किंवा मुस्लिम जीवनावरचे किती, याची मोजदाद झाली की आयोजकांचे समाधान होते. परभणीसारख्या जिल्ह्यात मात्र हा विचार पडद्यासमोरच्या जागेपासून सुरू व्हायला हवा, कारण ज्यांच्या आयुष्यावर असे चित्रपट निघतात ते लोक येथे जवळपासच राहत असूनही महोत्सवाचे प्रेक्षक क्वचितच असतात.

पहिला अडथळा तारखांचा आहे. पुण्याचा आंतरराष्ट्रीय महोत्सव आणि छत्रपती संभाजीनगरचा अजिंठा-वेरूळ महोत्सव जानेवारीच्या सुमारास भरत आले असून, हवा चांगली असल्यामुळे लहान आयोजकांनाही तोच हंगाम सोयीचा वाटतो. गंगाखेड, सोनपेठ, पालम आणि जिंतूर तालुक्यांतील अनेक वाड्या-तांडे मात्र नेमके त्याच काळात ओस पडलेले असतात. कारण ऊसतोडणीची कोयती, म्हणजे मुकादमाकडून उचल घेऊन एकत्र काम करणारी नवरा-बायकोची जोडपी, दसरा-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात निघून जातात आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप हंगाम संपल्यावर, गावी परततात. त्यांच्या जगण्यावरचा चित्रपट जानेवारीत त्यांच्याच तालुक्यात दाखवणे म्हणजे त्यांना वगळून त्यांच्याविषयी बोलणे होय. एप्रिलमध्ये महोत्सव घेतल्यास उन्हाचा आणि लग्नसराईचा त्रास होईल हे खरे, परंतु दिवस मावळल्यावर शाळेच्या मैदानावर पडदा लावला तर तो त्रास सोसण्याजोगा ठरतो, आणि उशिरा घरी परतण्याची चिंता असलेल्या स्त्रियांनाही गावातच खेळ असल्यामुळे येता येते.

प्रेक्षकाने पडद्याकडे जाण्याऐवजी पडद्याने प्रेक्षकाकडे जाण्याची ही रीत महाराष्ट्राला अनोळखी नाही. ट्रकवर तंबू आणि प्रक्षेपक लादून जत्रेमागून जत्रा गाठणाऱ्या फिरत्या टॉकीजनी अनेक पिढ्यांना सिनेमा दाखवला, आणि त्यांच्या उतरत्या काळाची नोंद शर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या २०१६ च्या माहितीपटात झालेली आहे. परभणीत फेब्रुवारीत भरणाऱ्या हजरत तुराबुल हक यांच्या उरुसाला सर्व धर्मांचे लोक लोटतात. महोत्सवाचा एखादा खेळ तेथे नेण्यास कल्पकतेपेक्षा इच्छाच अधिक लागेल.

दुसरा अडथळा भाषेचा असून तो अधिक खोल आहे. महोत्सवातील परभाषिक चित्रपटांना बहुधा इंग्रजी उपशीर्षके, म्हणजे पडद्याच्या तळाशी उमटणारे संवादांचे भाषांतर, असतात. मराठी शाळेत शिकलेल्या तरुणाला ती त्या वेगाने वाचता येत नाहीत आणि निरक्षर वृद्धेला तर मराठी उपशीर्षकांचाही उपयोग नसतो. शिवाय या जिल्ह्यात घराघरांतून मराठीबरोबर उर्दू, दखनी आणि बंजारा बोली नांदतात. मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी उभा राहून कथा समजावून सांगणारा निवेदक असे, आणि आजही दोन संवादांच्या मधल्या जागेत प्रेक्षकांच्या बोलीत अर्थ सांगणारा तयारीचा निवेदक लहान महोत्सवाला सहज परवडेल. दृष्टिहीनांसाठी केले जाणारे श्राव्यवर्णन, म्हणजे पडद्यावरील हालचालींचे आणि स्थळांचे संवादांमध्ये न मिसळणारे कथन, हे याच कामाचे अधिक काटेकोर रूप आहे. माहिती व प्रसारण मंत्रालयाने मार्च २०२४ मध्ये चित्रपटगृहांतील श्रवण आणि दृष्टी बाधितांच्या सोयींबाबत मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांचा रोख व्यावसायिक प्रदर्शनाकडे असला तरी मैदानावरच्या महोत्सवाने ती स्वतःहून पाळण्यास कोणाची आडकाठी नाही. चाकाच्या खुर्चीसाठी उतार आणि स्वच्छ, उजेड असलेली स्वच्छतागृहे यांचा खर्च पाहुण्यांच्या हारतुऱ्यांआधी धरला गेला पाहिजे.

सर्वांत कमी चर्चा होते ती निवड समितीची. समाजशास्त्राच्या अभ्यासक सुमित्रा भावे यांनी १९८५ मध्ये ‘बाई’ हा लघुपट केला, त्यामागे एक साधी आणि महत्त्वाची जाणीव होती : ज्या वस्तीतील स्त्रियांवर संशोधन झाले, त्यांना वाचता येत नसल्यामुळे त्या संशोधनाचे निष्कर्ष त्यांच्यापर्यंत पोहोचतच नव्हते. अभ्यासविषय झालेल्या माणसाला प्रेक्षक आणि परीक्षक मानण्याची ही दृष्टी महोत्सवांनी अद्याप पुरेशी आत्मसात केलेली नाही. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ असो, विनोद कांबळे यांचा ‘कस्तुरी’ असो किंवा मालेगावच्या यंत्रमागाच्या गावात सिनेमा घडवणाऱ्यांवरचा फैजा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ असो, असे चित्रपट निवडण्यासाठी प्राध्यापक आणि समीक्षक यांच्याबरोबर एखादी आशा सेविका, तांड्यावरील शिक्षक, उर्दू शाळेतील विद्यार्थिनी आणि दृष्टिहीन श्रोता समितीत का नसावेत, या प्रश्नाला पटण्याजोगे उत्तर मिळत नाही. त्यांना केवळ व्यासपीठावर बसवून भागणार नाही. चित्रपट नाकारण्याचा अधिकार त्यांना हवा, समितीच्या बैठकीसाठी बुडालेल्या मजुरीची भरपाई हवी, आणि चित्रपट संपल्यावरच्या चर्चेत पहिला प्रश्न विचारण्याची संधी, त्यांच्या बोलीत, त्यांनाच मिळायला हवी.