संस्थेचे वळण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी मंडळाचा अहवाल वाचला जातो, बक्षिसे वाटली जातात आणि मग कोणीतरी चार शब्द बोलते. यंदा ते काम माझ्याकडे आले आहे. आपल्या फराळ विभागापुढे आज एक प्रश्न उभा आहे, म्हणून त्याच्याविषयीच बोलावे असे मी ठरविले. एक घाऊक व्यापारी आपले सारे पापड आणि मसाले घ्यावयास तयार आहे. पण त्याला भाव उतरवून हवा आहे, आणि त्यासाठी माल जरा हलका असला तरी चालेल असे तो म्हणतो. येत्या सभेत याचा निर्णय व्हावयाचा आहे.

पनवेलला धंदा नवा नाही. कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ साली येथेच धूतपापेश्वर औषधी कारखान्याचा पाया घातला. तेव्हा भांडवल, हिशेब, बाजारभाव यांचे महत्त्व मी आपणांस सांगावयास नको. पण संस्था चालते ती आणखी एका गोष्टीवर. तिला मी वळण म्हणते. नव्या सुनेला या घरात दारी आलेल्याला विन्मुख पाठवीत नाहीत, हे कोणी लिहून देत नाही. चार दिवस सासूबाईंकडे पाहून तिला ते कळते. संस्थेचेही तसेच असते. मी काही वर्षे एका कचेरीत नोकरी केली. तेथे ‘ग्राहक हाच देव’ अशी पाटी होती, आणि तक्रार घेऊन आलेल्या माणसाला तासभर बाकावर बसवून ठेवीत. नवा कारकून पाटी वाचून शिकत नसे, तो साहेबांकडे पाहून शिकत असे. पाच वाजले की सारी कचेरी रिकामी होई. त्या कामात आपले असे कोणाला काही वाटतच नव्हते.

आता दुसरे उदाहरण पाहू. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईस गिरगावातील लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात गुजराती भगिनी पापड लाटावयास बसल्या. भांडवल होते उसने घेतलेले ८० रुपये, आणि पहिल्या दिवसाचा माल चार पाकिटे. हाच पुढे ‘लिज्जत’ झाला. पैसे देणारे समाजसेवक छगनलाल पारेख, म्हणजेच छगनबापा, यांचा सल्लाही त्यांना मिळत असे. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करीत. एक उत्तम, एक स्वस्त. छगनबापांनी सांगितले, की एकच प्रत ठेवा आणि तिच्यात कधीही कमी करू नका. हिशेब चोख ठेवा. दुसरा निश्चय असा, की तोटा आला तरी देणगी मागावयाची नाही. मैत्रिणींनो, आपल्यापुढे आज आहे तोच प्रश्न त्यांच्यापुढे होता, आणि तोही हातात काही नसताना!

त्या पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी घेतली. खाटेवर पापड, खाली शेगडी, असे काम पावसातही चालू राहिले. भगिनी वाढल्या तेव्हा गच्ची पुरेना. मग मळलेले पीठ घरी न्यावे, लाटून वाळवून पापड परत आणावे आणि लाटण्याची मजुरी घ्यावी, ही पद्धत पडली. जिला मुलेबाळे सोडून बाहेर पडता येत नाही, तीही मिळवती झाली.

या वळणातूनच त्यांचे धंद्याचे धोरण निघाले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. दळण्यासाठी त्यांनी गिरणी उभारली. लाटणे मात्र हातानेच ठेवले, कारण बायकांना काम मिळावे हाच मूळ हेतू होता. मजुरी जिच्या तिच्या कामाप्रमाणे, पण नफ्यात वाटा सर्वांचा समान. पापड लाटणाऱ्या तेथे नोकर नाहीत, सभासद भगिनी आहेत. आपल्या एका वाईट पापडाने आपलेच नाव जाणार, हे जिला ठाऊक आहे तिच्यावर मुकादम नेमावा लागत नाही. आज सुमारे ४५,००० भगिनी त्यात आहेत, आणि मूळच्या सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

यात अडचणी नाहीत असे नाही. सर्वांच्या संमतीने चालावयाचे म्हणजे वेळ लागतो. हाताने लाटावयाचे म्हणजे वयाने थकलेल्या बाईची मजुरी घटते. पण त्या अडचणी त्यांनी समजून उमजून पत्करल्या आहेत.

आता आपले पाहू. आपल्याकडे पीठ मळणाऱ्या भगिनींना किती नफा झाला हे वर्षाअखेर याच सभेत कळते. तोवर त्या केवळ मजुरीच्या धनी. मला वाटते, ही मागणी स्वीकारावी की नाही हे कार्यकारिणीने एकटीने ठरवू नये. ज्या पहाटे उठून डाळ निवडतात त्यांना प्रथम विचारावे. दर महिन्याचा हिशेब सर्वांसमोर वाचावा. आणि नफ्यात त्यांचा वाटा किती, हे आधीच लिहून ठेवावे.

माझे स्वतःचे मत विचाराल तर, हलका माल करू नये. व्यापारी उद्या दुसरीकडे जाईल. आपल्या पाकिटावरचे नाव मात्र याच गावात, याच आळीत राहणार आहे. शिवाय एकदा हलक्या डाळीचे पापड लाटावयाची सवय हाताला लागली, की चांगल्या पापडाच्या वेळीही हात तसाच चालू लागतो. त्या व्यापाऱ्याला आपल्या प्रतीचा माल आपल्या भावाने थोडा कमी घे, असे विचारून तर पाहू.

सभेला सर्वजणी याव्यात, विशेषतः ज्या कधी बोलत नाहीत त्यांनी यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.