मतदान यंत्र : जुने आणि नवे



मतदान यंत्र हे एका अर्थी मोजणीचे गणकयंत्रच होय. बटण दाबले की त्या उमेदवाराच्या खात्यात एक मिळवावयाचा, एवढेच त्याचे काम. त्याचा नमुना हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या केंद्र सरकारच्या कंपनीने 1979 मध्ये तयार केला. 6 ऑगस्ट 1980 रोजी निवडणूक आयोगाने राजकीय पक्षांच्या प्रतिनिधींपुढे त्याचे प्रात्यक्षिक केले.

मतदारासमोर येणारा भाग साधा आहे. नाव, चिन्ह, निळे बटण, तांबडा दिवा आणि मत नोंदले गेल्याचा लांब आवाज. अक्षरओळख नसलेली आजीही चिन्ह पाहून बटण दाबू शकते. पुढे यंत्राच्या अंतरंगात पुष्कळ फेरफार झाले. हा दर्शनी भाग मात्र जवळजवळ तसाच राहिला. एकदा शिकलेल्या हाताला पुन्हा शिकावे लागले नाही, हे फार चांगले झाले. भर पडली ती उपयोगाचीच. अंध मतदारांसाठी ब्रेल अंकांचा प्रयोग 2004 मध्ये हैदराबादेतीलच आसिफनगर मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत करण्यात आला.

जुन्या यंत्राची खरी अडचण होती ती उमेदवारांच्या संख्येची. एका बॅलट युनिटवर 16 बटणे, आणि अशी फार तर चार युनिटे जोडता येत. म्हणजे 64 नावे. एम-3 या नव्या यंत्राला 24 युनिटे जोडता येतात. या क्षमतेची कसोटी लागली ती नांदेड जिल्ह्याला लागून असलेल्या निजामाबादेत. 2019 च्या लोकसभा निवडणुकीत हळद व ज्वारीच्या भावासाठी तेथील शेतकऱ्यांनी मोठ्या संख्येने अर्ज भरले आणि उमेदवार झाले 185! प्रत्येक मतदान केंद्रावर 12 युनिटे मांडावी लागली. जुन्या यंत्रावर ही निवडणूक होणे शक्यच नव्हते. कागदी मतपत्रिकांकडे वळावे लागले असते. तथापि, यंत्रात नावे मावली म्हणून मतदाराचे काम हलके झाले असे नव्हे. बारा फलकांवर आपले चिन्ह शोधणे त्यालाच भाग होते.

मतदाराची खातरजमा व्हावी म्हणून आता व्हीव्हीपॅट जोडलेले असते. 2013 मध्ये नागालँडमधील नोकसेन येथे ते प्रथम वापरले गेले. अनुक्रमांक, नाव व चिन्ह असलेली चिठ्ठी काचेतून सात सेकंद दिसते आणि मग बंद पेटीत पडते. मतदाराची सोय वाढली, तसे केंद्रावर नेमलेल्या शिक्षकांचे कामही वाढले. पूर्वी दोन पेट्या जोडल्या की भागत असे. आता तीन जोडाव्या लागतात. शिवाय व्हीव्हीपॅटला थेट उजेड सोसत नाही. म्हणून मतदान कक्ष खिडकीसमोर किंवा दिव्याखाली मांडू नये.