डब्यातला मासा

आकाशवाणीवरून फोन आला की 'आमच्या घरातला एक पदार्थ' या विषयावर दहा मिनिटं बोला, तेव्हा पलीकडच्या बाईंनी लगेच जोडलं, "सर, बिर्याणीवर बोललात तरी चालेल." मला हसू आलं. आमच्यासारख्या लेखकाकडे ईदला शिरखुर्मा आणि एरवी बिर्याणी मागायची, हा रिवाज जुना आहे. त्यात राग मानण्यासारखं काही नाही. पण बिर्याणी मला येत नाही. ती माझ्या पत्नीला येत होती. मला येतं ते टुना नावाच्या माशाचं सँडविच. तेही वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी शिकलो.

हदगाव आणि टुना यांचा तसा काही संबंध नाही. आमच्या गावापासून पश्चिमेचा समुद्र सरळ रेषेत पाचशे किलोमीटर, पूर्वेचाही जवळपास तितकाच. आमच्याकडे पाणी म्हणजे पैनगंगा आणि इसापूर धरणाचा कालवा. मासा म्हणजे मरळ, रोहू, कटला, वाम. समुद्राची ओळख झालीच तर बाजारात पोत्यावर मांडलेल्या सुकटीच्या आणि बोंबलाच्या वासातून. तो वास आला की लहानपणी आम्ही नाक दाबून पळायचो आणि संध्याकाळी तीच चटणी ज्वारीच्या भाकरीबरोबर बोटं चाटून खायचो.

टुनाला आपल्या कोकणात कुपा म्हणतात. टुना हा शब्द माझ्या घरात आला तो मात्र रत्नागिरीहून नाही, जेद्दाहून आला.

माझा थोरला मुलगा आयटीआय करून २०१४ साली सौदीला गेला. वायरमनचं काम. आमच्या गल्लीतून त्याच्याआधी चौघे गेले होते, त्यामुळे रडारड झाली नाही. हैदराबादच्या विमानतळावर मी त्याला सोडायला गेलो आणि परत येताना एसटीत बसून एक कवितासुद्धा लिहिली. दर शुक्रवारी, म्हणजे जुम्म्याला, त्याचा फोन यायचा. त्याच्या आईचा पहिला प्रश्न ठरलेला, "क्या खाया बेटा?" आणि त्याचं उत्तर दर वेळी वेगळं. आज मटण, आज खिमा, आज दालच्या, आज मच्छी-चावल. ती ते ऐकून घ्यायची आणि फोन ठेवल्यावर शेजारणीला सांगायची. मीही ऐकायचो. त्या ऐकण्यावर मी एक लांब कविता लिहिली. परदेशातलं दस्तरखान, चार देशांची पोरं एका ताटाभोवती बसलेली, वगैरे. ती एका दिवाळी अंकात छापून आली. संमेलनात वाचली तेव्हा टाळ्याही पडल्या. पत्नीला माझी तेवढी एकच कविता पाठ होती. ती मराठी शाळेत चौथीपर्यंतच शिकलेली, पण न अडखळता म्हणायची.

२०२०च्या जुलैमध्ये ती गेली. मार्चपासून आंतरराष्ट्रीय विमानं बंद होती. मुलगा येऊ शकला नाही. धाकट्याने फोन उंच धरून त्याला जनाजा दाखवला. यावर मी अधिक बोलत नाही. तसं त्या वर्षी कितीतरी घरांत झालं.

तो परत आला २०२२ साली, कायमचा. पेटीत दोन ब्लँकेटं, अत्तर, खजूर, बहिणीच्या लेकरासाठी गाडी आणि तळाशी टुनाचे बारा डबे. चपटे, गोल, झाकणाला कडी असलेले. मला वाटलं, शौकाने आणले असतील.

पंधरा-एक दिवसांनी रात्री मी पाणी प्यायला उठलो तर स्वयंपाकघरात तो उभा. दिवा लावलेला नाही, खिडकीतून रस्त्यावरचा उजेड येत होता तेवढाच. त्याने डबा उघडला, झाकण आत दाबून तेल मोरीत निथळलं, कांदा तळहातावरच चिरला, लिंबू पिळलं, पाव मधोमध फाडला, आत भरलं आणि मोरीपाशी उभ्यानेच खाऊन टाकलं. सगळं मिळून चार मिनिटं. हात इतके सराईत चालत होते की पाहणाऱ्याला कळावं, हे शौकाचं काम नाही. माझी चाहूल लागली तसा तो दचकला. म्हणाला, "नींद नै आ री थी अब्बा. आदत है."

मी विचारलं, "रोज?"

"जुम्मा छोडके. जुम्मे को कमरे में पकाते थे."

आठ वर्षं. काम सुटून खोलीवर पोचायला रात्रीचे अकरा. एका शेगडीवर अकरा माणसं. आपली पाळी येईपर्यंत झोप जायची. म्हणून डबा आणि समोली. समोली म्हणजे तिकडचा लांबट पाव. मटण, खिमा, दालच्या ही नावं तो आईसाठी जुळवायचा. मी म्हटलं, बोलायचंस की. तर तो म्हणाला, "अम्मी पूछती थी, तुमे नै पूछे." त्याने ते रागाने म्हटलं नाही, पण माझ्या मनातून ते जात नाही. खरंच, मी कधी विचारलं नव्हतं. मी ऐकून कविता करत होतो. आमच्या घरावर त्याच्या पैशातून स्लॅब पडला, बहिणीचं लग्न झालं. लोखंड, सिमेंट, मंडप सगळ्याचा पै-पैचा हिशेब माझ्या वहीत आहे. मी शाळेत लिपिक आहे, हिशेब मला जमतो. त्या वहीत हे डबे नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हटलं, मला शिकव.

आता कृती सांगतो. साधी आहे, पण तिच्यात चुका करायला जागा पुष्कळ आहे, आणि त्या सगळ्या मी केल्या.

डब्यावर १८५ ग्रॅम लिहिलेलं असतं, पण तेल किंवा पाणी निथळल्यावर मासा उरतो अर्धा पाव, म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. (खायचा पाव पोर्तुगीजांचा आणि मापाचा पाव आपला. दोन्ही आमच्या स्वयंपाकघरात एकत्र नांदतात.) हे निथळणं सगळ्यात महत्त्वाचं. मी पहिल्यांदा तेलासकट कालवलं, तर पाव हातात फुटला. "पैले पूरा निचोडो अब्बा," हा पहिला धडा. मग छोटा कांदा अगदी बारीक चिरून, मीठ लावून पाच मिनिटं ठेवायचा आणि पिळून घ्यायचा. म्हणजे त्याचं पाणीही जातं आणि उग्रपणाही. एक हिरवी मिरची, कोथिंबीर, काळी मिरी, अर्ध्या लिंबाचा रस. मीठ जपून, कारण डब्यातल्या माशाला आधीच असतं. मासा काट्याने मोकळा करायचा, त्याचा लगदा करायचा नाही. शहरात यात मेयॉनीज घालतात. ते म्हणजे अंड्याचा बलक आणि तेल घोटून केलेली मलई. पाव तव्यावर दोन्ही बाजूंनी कडक भाजायचा आणि सारण खायच्या क्षणी भरायचं, आधी भरून ठेवायचं नाही. उघडलेला डबा तसाच फ्रीजमध्ये ठेवू नये. उरलेलं स्टीलच्या डब्यात काढावं आणि दुसऱ्या दिवशी संपवावं. फुगलेला डबा मात्र उघडूही नये, थेट फेकावा. त्यातलं विष जीवघेणं असू शकतं.

डब्यात मासा टिकतो कसा, याचं मला कुतूहल. हे शास्त्र नेपोलियनच्या काळातलं. निकोला आपेर नावाच्या फ्रेंच हलवायाने अन्न काचेच्या बरणीत घट्ट बंद करून उकळत्या पाण्यात ठेवलं, तर ते महिनोन्महिने नासत नाही असं दाखवलं. फ्रेंच सरकारने १८१० साली त्याला बारा हजार फ्रँकचं बक्षीस दिलं. जंतूंची गोष्ट पाश्चरने सांगितली ती त्यानंतर अर्धशतकाने. म्हणजे का टिकतं हे माहीत नसताना माणसं टिकवत होती. टुना डब्यात शिरला तो १९०३ साली, कॅलिफोर्नियात. सार्डिन मासा मिळेनासा झाला, कारखान्यापुढे रिकामे डबे पडून राहिले, म्हणून त्यांत हा भरून पाहिला. शिजल्यावर तो पांढरा, कोंबडीसारखा लागला आणि चालून गेला. आपल्या लक्षद्वीपची माणसं टुना गळाने एकेक करून पकडतात, उकडतात, धुरी देतात आणि उन्हात लाकडासारखा कडक वाळवतात. त्याला तिथे मास म्हणतात. आमच्या सुकटीचा तो श्रीमंत भाऊ.

या माशाबद्दल आणखी एक गोष्ट वाचली. टुनाला आयुष्यभर पोहतच राहावं लागतं. तोंड उघडं ठेवून पुढे गेला तरच कल्ल्यांवरून पाणी वाहतं आणि श्वास मिळतो. थांबला तर गुदमरतो. हे मी मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "अब्बा, अब इसपे कविता मत लिखो." नाही लिहिली.

बारा डबे किती दिवस पुरणार? इथे मागवायचे तर नांदेडच्या मोठ्या दुकानात मिळतात, पण एका डब्याच्या किमतीत ताजी मासळी येते. म्हणून मी इसापूरच्या मासळीकडे वळलो. रोहू घेऊन पाहिला. चवीला उत्तम, पण त्याचे बारीक काटे वेचता वेचता दुपार झाली. या कामाला मरळच खरी. मांस घट्ट, काटे कमी. पाव किलो मरळ हळद, मीठ आणि लसणाच्या दोन पाकळ्या घालून थोड्या पाण्यात आठ-दहा मिनिटं शिजवायची. निवली की मांस बोटांनी सोडवायचं. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, काटा बोटालाच कळतो. मग पातळ फडक्यावर पसरून पाणी टिपायचं.

मेयॉनीजच्या जागी चक्का घालावा असं माझ्या मनात आलं. फडक्यात बांधलेलं दही आंबटगोड लागेल आणि स्वस्त पडेल. दही बांधलंसुद्धा. पण माशाबरोबर दूध-दही आमच्या घरात कधी आलं नाही. पत्नीचा सक्त नियम होता, अंगावर कोड उठतं म्हणून. आयुर्वेदातही मासे आणि दूध हा विरुद्ध आहार सांगितला आहे. त्वचेच्या डॉक्टरांना विचारा, ते म्हणतील कोडाचा आणि या खाण्याचा संबंध नाही. मलाही ते पटतं. मी बी.ए. आहे, अगदीच अडाणी नाही. तरी त्या दिवशी चक्का तसाच बाजूला ठेवला आणि साखर घालून संध्याकाळी खाल्ला. सँडविचसाठी एक अंडं कडक उकडलं, बलक चमचाभर शेंगदाण्याच्या तेलात घोटला, लिंबू पिळलं, पांढरा भाग बारीक चिरून घातला. मेयॉनीजचे धागे तसेही तिथेच जाऊन मिळतात.

मुलगा आता तालुक्यात मोटारी आणि सौर पंपांची कामं करतो. दुपारी घरी आला तेव्हा मी ताट मांडलं होतं. भाजलेला पाव, आत मरळ, बाजूला कांदा. त्याने ते उचललं आणि उभ्यानेच तोंडात घातलं. मी म्हटलं, "बैठके खा." तो बसला. दुसऱ्या घासाला थांबला, ओठांतून एक बारीक काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. म्हणाला, "डब्बे में काटा नै रहता अब्बा." आणि दुसरं मागितलं.

ती दस्तरखानाची कविता येणाऱ्या संग्रहातून काढावी की ठेवावी, हे अजून ठरत नाही. खोटी आहे, पण तिला पाठ होती. प्रकाशक घाई करतो आहे.

मरळ आली की निरोप द्या, असं मासळीवाल्या भोईदादांना सांगून ठेवलं आहे. पाव मात्र सकाळीच आणून ठेवावा लागतो. दुपारनंतर आमच्या बेकरीत नुसते टोस्ट उरतात.