मागच्या गाडीचा ब्रेक



मी कवी माणूस. शिक्षण बी. ए. घरात फ्यूज उडाला तरी शेजाऱ्याला हाक मारतो. त्यामुळे आज मी ब्रेकवर बोलणार म्हटल्यावर घरात सगळे हसले. पण मी राहतो मोशीला, पुणे-नाशिक रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. रात्री एकदा चाकणकडे जाणाऱ्या ट्रेलरची रांग लागली की अंथरुणात पडल्या पडल्या हवेच्या ब्रेकचा 'फुस्स' आवाज ऐकू येत राहतो. तीस वर्षं तो ऐकला, पण तो नेमका कशाचा हे कधी विचारलं नाही.

ते कळलं माझ्या भाच्यामुळे. आपाचा हा मुलगा इथेच पिंपरीत इंजिनिअर झाला आणि ह्यूस्टनला गेला. तिथे त्याने पिकअप ट्रक घेतला. पिकअप म्हणजे आपल्याकडे कांदे-बटाटे वाहणारी गाडी. तिकडे लोक तिच्यातून कामावर जातात आणि सुट्टीला तिच्यामागे चाकांवरचं छोटं घर जोडून रानात मुक्कामाला जातात. असं एक जुनं घर याने विकत घेतलं. त्याच्या चाकांना विजेवर चालणारे ब्रेक होते, पण ते चालवणारा कंट्रोलर पिकअपमध्ये नव्हता. तिकडे मेकॅनिकची मजुरी भारी, म्हणून गडी स्वतःच बसवायला निघाला. आणि सल्ल्यासाठी फोन लावला भोसरीला, वडिलांना.

आमचे दूल्हाभाई भोसरीत ऑटो इलेक्ट्रिशियन. तिकडे शनिवारची सकाळ, इकडे रात्र. व्हिडिओवर एकीकडे ह्यूस्टनचं अंगण, दुसरीकडे दूल्हाभाईंचा चष्मा. मी मध्ये चहा पीत बसलेलो. घरची बोली दख्खनी, मी आपल्याला मराठीत सांगतो.

''आधी बॅटरीची निगेटिव्ह काढ,'' पहिला हुकूम. कंट्रोलर म्हणजे तळहाताएवढी डबी. स्टिअरिंगच्या खाली, गुडघा लागणार नाही पण हात पोचेल अशा जागी बसवायची. तिला चार वायरी. पांढरी अर्थिंगची. काळी बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मध्ये सर्किट ब्रेकर घालून. निळी मागे ट्रेलरच्या ब्रेककडे जाते. उरली लाल, आणि खरी गोम तिच्यातच. ती ब्रेक पेडलच्या स्विचला जोडायची, पण स्विचच्या कोणत्या बाजूला? ''टेस्ट लॅम्प लाव,'' दूल्हाभाई म्हणाले. ''पेडल दाबल्यावरच दिवा लागेल ती आपली. कायम पेटलेली असेल तिला हात लावू नको.'' कायम करंट असलेल्या बाजूला लाल वायर जोडली, तर पाय पेडलवर नसतानाही कंट्रोलर ब्रेक दाबला आहे असंच समजणार. भाचा सीटखाली उताणा पडून वायरी शोधत होता, आणि इकडे बाप हवेत बोट फिरवून त्याला रस्ता दाखवत होता.

ब्रेकचं काम मला फार आवडलं. चाकाच्या ड्रममध्ये एक विद्युतचुंबक असतो. करंट मिळाला की तो फिरत्या ड्रमला चिकटू पाहतो, ड्रम त्याला आपल्याबरोबर ओढतो, आणि त्या ओढण्यातून ब्रेकचे शूज दाबले जातात. म्हणजे चाकाच्याच जोराने चाक थांबवायचं! पुढची गाडी जितकी जोरात थांबेल तितका जास्त करंट कंट्रोलर मागे पाठवतो. तो किती असावा हे मात्र मोकळ्या सपाट रस्त्यावर, ताशी चाळीसेक किलोमीटर वेगात, हाताने कळ दाबून ठरवायचं. चाकं घासटू लागली की थोडं मागे यायचं.

तीन तासांनी सगळं जोडून झालं. ब्रेक लागतो का हे बघायला होकायंत्र हवं होतं. चाकाजवळ धरलं आणि काटा हलला, की चुंबक जागा आहे. आपाने इथून पाठवलेल्या जानमाजसोबत किब्ल्याची दिशा दाखवणारं छोटं होकायंत्र होतं. ते आलं. सुनेने पेडल दाबलं, काटा गर्रकन फिरला. भाचा ओरडला, ''अब्बा, झालं! दुपारी पोरांना घेऊन निघतो.''

दूल्हाभाई हसले नाहीत. म्हणाले, ''मागची गाडी सुटली तर?''

तीही सोय असते. ट्रेलरवर स्वतःची छोटी बॅटरी, आणि एक पिन पातळ तारेने पिकअपला बांधलेली. ट्रेलर निसटला की तार ताणून पिन निघते आणि ट्रेलर स्वतःच्या बॅटरीवर स्वतः थांबतो. भाचा म्हणाला, ''ते कंपनीचंच आहे, मी हात लावलेला नाही.''

''प्लग काढ. पिन ओढ. काटा दाखव.''

त्याने पिन ओढली. काटा हलला नाही. दुसऱ्या चाकाजवळही नाही. बॅटरी केव्हाच मेलेली होती.

त्यानंतर दूल्हाभाई जे बोलले ते मीही पहिल्यांदाच ऐकत होतो. धाकट्या भावाचा पाय 'अपघातात' गेला, एवढंच घरात सांगितलेलं. तो ट्रॅक्टर स्वतः दूल्हाभाई चालवत होते. 1994 साल. मंचरहून चाकणच्या बाजाराला कांदा. मागे भरलेली ट्रॉली, तिला ब्रेक नाही, गोण्यांवर धाकटा भाऊ बसलेला. जुन्या खेड घाटाच्या उतारावर यांनी ट्रॅक्टरचा ब्रेक दाबला. ट्रॅक्टर थांबू पाहत होता, ट्रॉली थांबायला तयार नव्हती. तिने मागून ढकलत ट्रॅक्टर आडवा केला आणि स्वतः उलटली. ''लोक म्हणाले, ब्रेक फेल झाला. ब्रेक फेल नव्हता झाला. माझा ब्रेक चांगला होता. तिला नव्हता.'' त्यानंतर त्यांनी स्टिअरिंग सोडलं आणि वायरिंग शिकले.

मोशीच्या त्या 'फुस्स'चा अर्थ मला त्याच रात्री त्यांनी सांगितला. मोठ्या ट्रेलरला पुढून हवेच्या दोन नळ्या जातात. एक ब्रेकचा निरोप नेते, दुसरी हवेचा दाब कायम राखते. ही दुसरी तुटली तर ब्रेक सुटत नाही, उलट आपोआप लागतो. जॉर्ज वेस्टिंगहाउस या अमेरिकन माणसाने 1872 मध्ये रेल्वेसाठी ही युक्ती काढली: डबा तुटला, तर तुटलेला डबाही थांबला पाहिजे. आपल्या चाकणमध्ये ती रोज हजारो चाकांवर धावते. आणि त्याच रस्त्यावर, उसाच्या हंगामात, एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जातात. त्यांतल्या बहुतेकींना आजही ब्रेक नसतो. जोडणारी एक लोखंडी पिन, बस्स. मी आता त्यांच्या मागेही गाडी ठेवत नाही आणि पुढेही.

भाचा त्या दिवशी निघाला नाही. दुकानातून नवी बॅटरी आणली, रात्री पुन्हा फोन लावला. आमच्याकडे रविवार उजाडलेला. प्लग काढला, पिन ओढली. होकायंत्राचा काटा फिरला आणि तसाच राहिला. दूल्हाभाईंनी चष्मा काढून पुसला.

''आता जा,'' म्हणाले. ''पण चालत्या ट्रेलरमध्ये पोरांना बसवू नकोस.''