कागदावरची सूचना आणि घरातले भांडे

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)





दरवर्षी या प्रसंगी मी जमाखर्चाचा आढावा घेतो. ते पत्रक अहवालात छापलेले आहेच. आज मात्र ज्याची नोंद कोणत्याही खात्यात होत नाही, अशा एका गोष्टीविषयी बोलण्याची अनुमती घेतो. रुग्ण घरी जाताना आपण त्याच्या हाती देतो तो सूचनांचा कागद, ही ती गोष्ट.

गेल्या पावसाळ्यात जुलाबातून सावरलेल्या एका लहान मुलाला आपण सुटी दिली. सोबत ओआरएसची पाकिटे आणि छापील कागद दिला. ‘एक पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवून द्यावे’, असे त्यावर स्वच्छ अक्षरांत लिहिलेले होते. दुसऱ्या दिवशी मूल परत आले. तहानेने कासावीस झालेले, हात लावला तरी किंचाळणारे. आईकडे चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. गावच्या दुकानात मिळणारे लहान पाकीट ती नेहमी एका पेल्यात कालवीत असे. आपले पाकीटही तिने तसेच कालविले. दुकानातले पाकीट २०० मिलिलिटर पाण्यासाठी होते, आपले १ लिटरसाठी. द्रावण पाचपट तीव्र झाले. अशा द्रावणाने शरीरातील क्षाराचे प्रमाण वाढते, तहान शमण्याऐवजी भडकते आणि झटके येऊन मुलाच्या जिवावर बेतू शकते. हे मूल वेळेत आले आणि हसतखेळत घरी गेले, ही ईश्वरकृपा आणि आपल्या डॉक्टर-परिचारिकांची तत्परता.

चूक कोणाची? ‘कागदावर तर लिहिले होते’, हे पहिले उत्तर माझ्याही तोंडी आले. परंतु मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. ज्या नोंदीचा अर्थ विचारण्यासाठी लेखापरीक्षकाला ती लिहिणाऱ्याकडे यावे लागते, ती नोंद अपुरी, असे आम्हाला शिकविले गेले. त्या माउलीला तर विचारायला जवळ कोणीच नव्हते. तिच्या घरी लिटरचे माप नव्हते आणि दोन पाकिटांत फरक असतो, हे आपल्या कागदाने तिला सांगितले नव्हते. आपले वाक्य बरोबर होते. सूचना अपुरी होती.

याचे उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही. मुलांचा न्यूमोनिया ओळखण्यासाठी एका मिनिटातील श्वास मोजावे लागतात. दोन महिन्यांखालील बाळाचे ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा अधिक आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरले, तर ते धोक्याचे लक्षण. ज्या दाईला असे मोठे आकडे मोजता येत नाहीत, तिने काय करावे? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तिच्यासाठी श्वासमापक तयार केला. त्यात एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांची ओळ. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकवावा लागला तर न्यूमोनिया समजायचा. या साधनाविषयीचा शोधलेख १९९२ साली प्रसिद्ध झाला. दाईला आकडेमोड शिकविण्यापेक्षा आकडा मण्यांत बसविणे त्यांनी पसंत केले.

बांगलादेशातील ‘ब्रॅक’ संस्थेने १९८० पासून घरोघरी कार्यकर्त्या पाठवून मातांना मीठ-गुळाचे पाणी करायला शिकविले. मापे होती तीन बोटांची चिमूट, मूठ आणि अर्धा शेर पाणी. पुढे तपासनीस घरी जाऊन मातेला किती आठवते ते पाही आणि त्यावर कार्यकर्तीचे वेतन ठरे. मोबदला सांगितल्याचा नव्हता, समजल्याचा होता. हिशेबाच्या माणसाला ही रीत मनापासून पटते.

त्या प्रसंगानंतर आपण सर्व सूचनापत्रे नव्याने लिहिली. एका ओळीत एकच कृती ठेवली. धोक्याची सूचना तळाशी न ठेवता कृतीच्या आधी आणली. ‘हे पाकीट पेल्यात कालवू नका’ ही आता पहिली ओळ आहे. पाकिटांसोबत एक लिटरची बाटली देतो. तिच्यावर खूण केलेली असते. खुणेपर्यंत उकळून गार केलेले पाणी भरा. पूर्ण पाकीट घाला. चमच्याने घोट घोट पाजा. चोवीस तासांनी उरलेले पाणी फेकून द्या. मूल पीत नसेल, सुस्त झाले असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर लगेच रुग्णालयात आणा. ‘दिवसातून तीन वेळा’ याऐवजी ‘सकाळी, दुपारी, रात्री’ असे लिहितो. मलेरियाच्या गोळ्यांच्या कागदावर ‘ताप उतरला तरी गोळ्या संपवा’ एवढेच न लिहिता, ‘अर्धवट सोडल्यास ताप उलटतो’ हे कारणही देतो. कारण कळले की माणूस सूचना पाळतो.

आपल्याकडे गोंडी, माडिया, सिरोंचाकडे तेलुगू, मुलचेऱ्याकडे बंगाली बोलणारी कुटुंबे येतात. त्यांच्यासाठी चित्रे काढली आणि त्यांची भाषा जाणणारा कर्मचारी बोलावण्याची पद्धत पाडली. ‘समजले का?’ हा प्रश्न मात्र बंद केला, कारण त्याचे उत्तर संकोचापोटी नेहमी ‘हो’ असेच येते. आता परिचारिका म्हणते, ‘घरी कसे कराल, ते मला करून दाखवा.’

देणगीदारांना विनंती अशी, की आपली देणगी औषधांइतकीच या बाटल्यांवर, चित्रांवर आणि परिचारिकेच्या त्या दहा मिनिटांवरही खर्च होते. तो खर्च वायफळ मानू नये. रुग्णांच्या नातेवाइकांना विनंती, की न कळलेले विचारण्यात कमीपणा मानू नये.

सूचनापत्राच्या तळाशी आता एक नवी ओळ आहे : ‘नातेवाइकाने करून दाखविले.’ तिच्यापुढे परिचारिकेची सही झाल्याशिवाय सुटीचा कागद माझ्या टेबलावरून पुढे जात नाही.