वेग कोणी मोजला?



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा मी 'वेग' असे सांगितले. त्यांना वाटले, मी युगाच्या वेगाबद्दल, विज्ञान आणि संस्कृतीबद्दल बोलणार. तो अधिकार माझा नाही. मी मोटार कामगारांच्या संघटनेतला माणूस. मी बोलणार आहे ट्रकच्या आणि एस. टी. च्या वेगाबद्दल.

प्रश्न साधा आहे. रस्त्यावर पोलीस गाडी अडवतो आणि म्हणतो, "तू भरधाव आलास." त्याच्याजवळ वेग मोजण्याचे यंत्र नाही, हातात घड्याळही नाही. केवळ त्याच्या डोळ्यांना गाडी जोरात वाटली. एवढ्यावर खटला होऊ शकतो काय? मी वकील नव्हे. चालकांच्या खटल्यांपायी कोर्टाचे हेलपाटे घालता घालता कायद्याची पुस्तके उघडावी लागली, आणि त्यात जे वाचले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम दोन गोष्टी वेगळ्या करू. खटला भरणे ही एक आणि शिक्षा होणे ही दुसरी. खटला भरण्यापासून पोलिसाला कोणी अडवलेले नाही. शिक्षेचे मात्र तसे नाही. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८३ व्या कलमात अतिवेगाचा गुन्हा सांगितला आहे. त्याच्या तिसऱ्या पोटकलमाचा अर्थ असा : गाडी बेकायदा वेगाने जात होती असे एकट्या साक्षीदाराचे केवळ मत असेल, तर त्यावर कोणालाही दोषी ठरवता येणार नाही. ते मत एखाद्या यांत्रिक साधनाने काढलेल्या अंदाजावर आधारलेले आहे असे दाखवावे लागेल. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात 'यांत्रिक' या शब्दापुढे 'इलेक्ट्रॉनिक' हा शब्दही आला.

आता गंमत पाहा. खुनाच्या खटल्यात एका विश्वासू साक्षीदाराच्या शब्दावर शिक्षा होऊ शकते. साक्षीदार मोजायचे नसतात, तोलायचे असतात, हे तत्त्व १८७२ च्या पुरावा कायद्यात होते आणि २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. मग खुनाला एक साक्षीदार पुरतो आणि वेगाला पुरत नाही, हे कसे? उत्तर असे की, सुरा मारताना पाहिला ही पाहिलेली गोष्ट आहे. गाडी ताशी ७० किलोमीटरने चालली होती ही पाहिलेली गोष्ट नव्हे, तो मनात केलेला हिशोब आहे. डोळ्याला गाडी दिसते, आकडा दिसत नाही. अंदाजपंचे दाहोदरसे व्यवहारात चालेल, शिक्षेत चालू नये.

हे शहाणपण आले इंग्लंडातून. तिथल्या १९०३ च्या मोटार कायद्याने ताशी २० मैलांची मर्यादा घातली, आणि एका साक्षीदाराच्या नुसत्या मतावर ती ओलांडल्याची शिक्षा होणार नाही असेही त्याच कलमात लिहिले. आपल्याकडे १९३९ च्या कायद्यात ११५ व्या कलमात तीच तरतूद आली आणि पुढे १९८८ च्या कायद्यात उतरली. मग कोणी विचारील, दोन पोलीस उभे केले तर? कायद्याचे शब्द 'एक साक्षीदार' असे आहेत हे खरे. पण १९३८ साली इंग्लंडात असा खटला झाला, त्यात एकाने गाडी एका ठिकाणी पाहिली होती आणि दुसऱ्याने दुसऱ्या. कोर्टाने म्हटले, दोघे एका क्षणाबद्दल बोलत नाहीत, म्हणून एकाची साक्ष दुसऱ्याला आधार देत नाही. उलट १९५० साली तिथेच असे ठरले की, पाठलाग करणाऱ्या पोलिसाने आपल्या गाडीच्या वेगमापकाचा काटा वाचला असेल, तर तो काटा तपासून घेतल्याचा वेगळा पुरावा नसतानाही शिक्षा होऊ शकते. सारांश, साधन साधे चालेल, पण साधन हवे.

साधे साधन किती फसवे असते तेही पाहू. रस्त्यावर १०० मीटर आखा आणि हातात घड्याळ घ्या. ताशी ६० ने जाणारी गाडी ते अंतर ६ सेकंदांत तोडते. हाताचा अंगठा एक सेकंद आधी दाबला गेला, की हिशोब ताशी ७२ चा होतो. एक सेकंद उशिरा दाबला, तर ५१ चा. म्हणजे त्याच गाडीचा चालक अंगठ्याच्या चुकीने गुन्हेगार ठरतो किंवा सुटतो. वाण्याच्या दुकानात मापात पाप नको म्हणून सरकार वजनांवर शिक्का मारते. मग ज्या मापावर माणसाला दंड होतो त्याची तपासणी नको काय? कॅमेऱ्यांसाठी २०२१ साली केंद्रीय नियमांत १६७ अ हा नियम आला. यंत्राला मान्यतेचा दाखला हवा, तो दरवर्षी नवा करून घ्यावा, आणि टेहळणीच्या टापूआधी चालकाला दिसेल अशी पाटी लावावी, असे त्यात लिहिले गेले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कॅमेरे वेग टिपू लागले. माझा त्याला विरोध नाही. कॅमेरा चिरीमिरी मागत नाही. पण यंत्र बोलले म्हणून प्रश्न विचारायचेच नाहीत, हेही मला मान्य नाही.

कोणी म्हणेल, तुम्ही भरधाव चालकांचे वकीलपत्र घेतले आहे. तसे नाही. रस्त्यावर मरणारात पायी चालणारा आणि सायकलवाला कामगारही सापडतो. आणि मोजमाप नाही म्हणून पोलीस हतबल आहेत, असेही नाही. धोकादायक वाहन चालवण्यासाठी त्याच कायद्याचे १८४ वे कलम आहे. बेदरकारपणासाठी पूर्वी दंडविधानाचे २७९ वे कलम होते, १ जुलै २०२४ पासून न्यायसंहितेचे २८१ वे आहे. तिथे आकडा लागत नाही. मात्र तिथे हकीकत लागते. वळण होते काय, शाळा सुटली होती काय, गाडी उजवीकडे घुसली काय, ब्रेकच्या खुणा किती लांब होत्या? कर्नाटकातील एका ट्रक-अपघाताच्या खटल्यात १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने चालकाला दोषमुक्त ठेवले. त्या अपघातात माणसे दगावली होती. पण 'जोरात' म्हणजे किती, हे एकाही साक्षीदाराला सांगता आले नव्हते, आणि नुसता जोराचा वेग म्हणजे बेदरकारपणा नव्हे, असे न्यायालय म्हणाले. म्हणून आपणापैकी कोणावर साक्ष देण्याची वेळ आली, तर "भरधाव होती हो" एवढ्यावर थांबू नका. जे पाहिले ते जागेसह, अंतरासह सांगा. त्याने निरपराध वाचतो आणि अपराधी सुटत नाही.

आता ज्यासाठी मी हा विषय घेतला तिकडे येतो. त्याच १८३ व्या कलमाला चौथे पोटकलम आहे. मालकाने असे वेळापत्रक काढले किंवा असा हुकूम दिला, की वेगमर्यादा मोडल्यावाचून तो प्रवास ठरल्या वेळेत होणेच शक्य नाही, असे कोर्टाला वाटले, तर ते वेळापत्रक, तो हुकूम, हाच मालकाविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा होतो! नोकराकडून मर्यादा मोडवून घेणाराही त्या कलमाखाली गुन्हेगार आहे. आमच्या चालकांना आधीची पोटकलमे ऐकून ठाऊक असतात. चौथे मी सांगितले की ते चकित होऊन बघतात.

एका चालकाचा हिशोब सांगतो. अंतर ३०० किलोमीटर, मुदत ५ तास. म्हणजे सरासरी ६०. त्यात घाट आला, टोलनाका आला, डिझेल आले, भाकरी खाणे आले. दीड तास त्यात गेला, तर उरलेल्या साडेतीन तासांत ताशी ८५ च्या वर गाडी हाकली पाहिजे. मालवाहू गाड्यांना ८० वर अडवणारे नियंत्रक बसवण्याचा नियम आहे! उशीर झाला तर पगारातून कापतात, वेळेत पोहोचला तर रस्त्यात दंड. अवजड गाडीला तो २,००० ते ४,००० रुपये. तो भरतो कोण? चालक. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही.

आणि चालक लढत का नाही? कारण तारखेला गेला तर दिवसाची रोजी बुडते. तडजोडीची पावती फाडून तो मोकळा होतो. अतिवेगाच्या खटल्यात जागीच ताकीद, १४ दिवसांत नोटीस किंवा २८ दिवसांत समन्स, यांपैकी एक काही अपवाद सोडता व्हावेच लागते, असे २०९ वे कलम सांगते. कायद्याने दिलेली ही सारी ढाल भिंतीवर टांगलेलीच राहते.

म्हणून आमच्या लोकांना माझे सांगणे असते : मालकाची मुदत लेखी मागा, फोनवर हुकूम आला तर तो जपून ठेवा, आणि कोर्टात विचारा की वेग कोणी मोजला, कशाने मोजला, आणि एवढा वेग मागितला कोणी. आपणा नागरिकांनाही एक विनंती आहे. गाडी अर्धा तास उशिरा आली म्हणून चालकावर ओरडण्याआधी, अमुक मिनिटांत माल दारात हवा असे म्हणण्याआधी, त्या मिनिटांचे किलोमीटर करून पाहा. त्या वेळापत्रकावर आपलीही सही असते.