नाव, पाटी आणि पत्ता

(संस्थेच्या रौप्य महोत्सवी कार्यक्रमात एका सभासद भगिनीने केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे आवरते घेतले आहे.)



सचिव मला म्हणाले, "काकू, तुम्ही रेल्वेत होतात, रेल्वेचं काहीतरी सांगा. फक्त वीस मिनिटं हं, नंतर जेवण आहे." तेव्हा जेवणाच्या आड येणार नाही.

माझी नोकरी म्हणजे आधी चौकशीची खिडकी आणि नंतर उद्घोषणेचा माईक. "फलाट क्रमांक चारवर येणारी गाडी" म्हणणारा जो आवाज असतो ना, त्यातली मी एक. खिडकीत बसणाऱ्या माणसाला एक गोष्ट लवकर कळते. लोक जे विचारायला येतात, त्याचे तीनच प्रकार असतात. एक, जे पाटीवर लिहिलेलंच नाही. दोन, जे लिहिलंय पण दिसत नाही. आणि तीन, जे लिहिलंय, दिसतंय, पण माणूस ज्या नावाने शोधतोय ते नाव तिथे नाही. आज या तिसऱ्या प्रकारापासून सुरुवात करते, कारण आपल्या सोसायटीतही सध्या नावांचा विषय चालू आहे. त्याच्याकडे शेवटी येते.

मुंबईचं सगळ्यांत मोठं उदाहरण तुम्हाला माहीत आहे. १६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी ठाण्याला निघाली ती बोरीबंदरहून. पुढे तिथे फ्रेडरिक स्टीव्हन्सने आराखडा केलेली ती भव्य इमारत उभी राहिली. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीचा सुवर्ण महोत्सव होता, म्हणून नाव पडलं व्हिक्टोरिया टर्मिनस. म्हणजे महोत्सव आला की नाव ठेवायचा उत्साह येतो, हे काही आपल्याच कमिटीचं नाही. १९९६ साली ते छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं आणि २०१७ मध्ये त्यात 'महाराज' हा शब्द आला. आता विचार करा. माझे सासरे शेवटपर्यंत बोरीबंदर म्हणायचे. मी व्हीटी म्हणते. माझा मुलगा सीएसटी म्हणतो. आणि माझी नात सीएसएमटी म्हणते, कारण इंडिकेटरवर तेच येतं. एका घरात चार नावं, आणि चौघांनाही उतरायचं एकाच ठिकाणी.

शिवाजी महाराजांचं नाव त्या स्थानकाला असावं, यात मला काडीचीही शंका नाही. तसंच एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं २०१८ मध्ये, त्याचंही मला दुःख नाही. लॉर्ड एल्फिन्स्टन हे मुंबई इलाख्याचे गव्हर्नर. त्यांच्याशी आपलं काय नातं? प्रभादेवी ही तिथली वस्ती, तिथलं देऊळ. पण नाव बदललं त्या दिवसांत खिडकीवर बसणाऱ्याला विचारा. गावाहून आलेल्या माणसाच्या हातात चिठ्ठी असते, त्या चिठ्ठीवर जुनं नाव असतं. डब्यातल्या नकाशावर जुनं नाव, फलाटावर नवं, उद्घोषणेत नवं आणि शेजारी उभा असलेला प्रवासी सांगतो जुनं. तो माणूस गोंधळतो, आणि गर्दीत गोंधळलेला माणूस दारात थांबतो. पुढचं सांगायला नको.

स्थानकाचं नाव बदलणं ही साधी गोष्ट नसते. राज्य सरकार प्रस्ताव करतं, तो केंद्रीय गृहमंत्रालयाकडे जातो. तिथून रेल्वे, पोस्ट खातं आणि सर्व्हे ऑफ इंडिया यांना विचारतात की तुमची काही हरकत आहे का. का विचारतात? त्याच नावाचं दुसरं ठिकाण असू नये म्हणून, पत्र चुकीच्या गावी जाऊ नये म्हणून. म्हणजे कागदावर सगळा विचार पत्त्याचा असतो. मग पाटी लावताना तो विचार कुठे हरवतो, हा माझा प्रश्न आहे.

आता तुम्ही म्हणाल, जुनी नावंच ठेवावीत का? मुळीच नाही. २०२४ मध्ये राज्य सरकारने मुंबईतल्या काही स्थानकांच्या नव्या नावांना मंजुरी दिली. करी रोडला लालबाग, सँडहर्स्ट रोडला डोंगरी, कॉटन ग्रीनला काळाचौकी, डॉकयार्ड रोडला माझगाव. ही नावं बघा. गणपतीत बाहेरगावचा माणूस खिडकीवर येऊन विचारतो, "लालबागला कुठे उतरू?" त्याला करी रोड माहीतच नसतं. इथे बदललेलं नाव म्हणजे रस्त्यावरचा माणूस जे आधीपासून म्हणतोच आहे ते. अशा बदलाने चौकशी कमी होते. म्हणून माझी साधी कसोटी आहे. नाव बदलल्यावर खिडकीवरची रांग वाढते की कमी होते?

आणि बदल न करताही एका जागेची दोन नावं असू शकतात हं. वांद्रे स्थानकात मराठीत वांद्रे, हिंदीत बांद्रा. शीवला मराठीत शीव आणि हिंदीत व इंग्रजीत सायन. आपल्याला सवय आहे. पण नवख्याला कोणी सांगितलं "शीवला उतरा" आणि तो पाटीवर फक्त इंग्रजी वाचतोय, तर तो माटुंग्यापर्यंत जाऊन येतो. तीन भाषांची पाटी ही चैन नाही, ती गरज आहे. जो ज्या नावाने शोधेल त्याला ते सापडलं पाहिजे.

तसंच कुर्ला टर्मिनसचं. त्याचं लोकमान्य टिळक टर्मिनस होऊन कितीतरी वर्षं झाली. उत्तरेकडचे प्रवासी अजून 'कुर्ला' म्हणतात आणि कुर्ला स्टेशनवर सामान घेऊन उतरतात. तिथून डोक्यावर बोचकी घेऊन चालत जातात. हार्बरच्या टिळकनगरला उतरलं तर जवळ पडतं, हे त्यांना कुठली पाटी सांगते?

मोठ्या युक्तीने नाव बदललेलं बघायचं तर आपली बेस्ट. १९०५ साली नाव होतं बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी. पुढे ती महापालिकेकडे आली, ट्रामवेजच्या जागी ट्रान्सपोर्ट झालं. ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम धावली. नंतर बॉम्बेच्या जागी बृहन्मुंबई आलं. आतले शब्द बदलले, पण बाहेर अक्षरं तीच, बेस्ट ती बेस्टच. एकाही म्हातारीला नवीन काही शिकावं लागलं नाही.

एसटीचंही बघा. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर पहिली गाडी सुटली, आता त्या शहराचं नावही अहिल्यानगर आहे. मधल्या काळात एशियाड आली, हिरकणी आली, शिवनेरी, शिवशाही, विठाई, विजेवरची शिवाई. प्रत्येक वेळी नवा रंग, नवं नाव. मला रंगाचं वाईट वाटत नाही. पण स्टँडवर उभ्या असलेल्या बाईला गाडीचं नाव नको असतं. तिला हवं असतं गाडी कुठे जाणार, कुठून जाणार आणि तिकीट किती. शिवशाही असं मोठ्या अक्षरांत आणि गावाचं नाव काचेच्या कोपऱ्यातल्या पत्र्यावर, असं असेल तर ती धावत जाऊन ड्रायव्हरलाच विचारते. मेट्रोच्या काही स्थानकांच्या नावाआधी आता कंपन्यांची नावं लागतात. पैसे मिळतात, ठीक आहे. पण करार संपला की ते नाव जाणार आणि ठिकाण तिथेच राहणार. तेव्हा ठिकाणाचं नाव मोठं असावं, एवढंच.

आता दुसरा प्रकार. लिहिलंय पण दिसत नाही. पाटी कुठे लावायची? जिथे माणसाला ठरवायचं असतं तिथे. जिन्याच्या पायथ्याशी माणूस ठरवतो पूर्वेला जायचं की पश्चिमेला. पाटी जर वर पुलावर असेल, तर तो जिना चढून वर जाणार, वाचणार आणि मागच्या लोंढ्याला तोंड देत उलटा उतरणार. मी एका स्थानकात वर्षानुवर्षं हे खिडकीतून बघितलंय.

मुंबईतली मला सगळ्यांत आवडणारी पाटी कुठली, माहीत आहे? जिच्यावर एकही अक्षर नाही. फलाटावरच्या खांबांना तिरपे पट्टे असतात. हिरवे-पिवळे पट्टे असले की तिथे बायकांचा डबा येणार. लाल-पिवळे असले की फर्स्ट क्लास. वाचता न येणाऱ्या भाजीवालीलाही ते कळतात. आणि ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी दिव्यांगांच्या डब्याजवळ 'टूं टूं' असा आवाज करणारं यंत्र असतं. त्या आवाजाच्या दिशेने आमचे अंध प्रवासी बरोबर डब्यापाशी उभे राहतात. याला म्हणतात पाटी.

आणि पहिला प्रकार, जे लिहिलेलंच नाही. त्याचं दादरइतकं चांगलं उदाहरण नाही. कितीतरी वर्षं दादरला दोन एक नंबर होते. एक पश्चिम रेल्वेचा, एक मध्य रेल्वेचा. "एक नंबरवर भेट" म्हणून किती जण वेगवेगळ्या फलाटांवर वाट बघत उभे राहिले असतील! खिडकीवर येऊन विचारायचे, "मॅडम, एक नंबर कुठला?" आम्ही उलट विचारायचो, "कुठल्या लाइनचा?" ९ डिसेंबर २०२३ पासून पश्चिम रेल्वेचे १ ते ७ तसेच ठेवले आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४ केले. कोणाच्या अस्मितेला धक्का नाही, फक्त आकडे सलग केले. पहिले काही दिवस लोक वैतागले, मग गाडी रुळावर आली. हा बदल चांगला, कारण तो प्रवाशाच्या अडचणीतून निघाला.

आता आपल्या घराकडे येते.

गेल्या वर्षी आपण इमारतींना रंग दिला. छान दिसतो. पण भिंतींवरची अ, ब, क, ड ही मोठी अक्षरं त्या रंगाखाली गेली आणि पुन्हा काढायची राहिली. जुलैत एका रात्री ब विंगमधल्या एका आजोबांना धाप लागली. रुग्णवाहिका वेळेवर आली. पण गेटवरचा वॉचमन नवीन, पाऊस जोराचा, दिवे अर्धे बंद, आणि गाडी जाऊन उभी राहिली ड विंगसमोर. ड विंगची लिफ्ट वर जाऊन आली, तेव्हा कळलं. आजोबांची सून खाली धावत आली म्हणून बरं. आजोबा आज इथे पहिल्या रांगेत बसले आहेत, आणि त्यांनी मला हे सांगायची परवानगी दिली आहे. ते हसताहेत, पण त्या रात्री कोणी हसत नव्हतं.

आता रौप्य महोत्सवानिमित्त प्रस्ताव आहे की चारही विंगना नद्यांची नावं द्यायची. गोदावरी, कृष्णा, भीमा, इंद्रायणी. नावं सुंदर आहेत. माझा विरोध नाही. माझ्या नातीला तर 'मी कृष्णामध्ये राहते' म्हणायला आवडेल. पण आपल्या भाग प्रमाणपत्रावर, मतदार यादीत, आधारवर, विजेच्या बिलावर, बँकेच्या कागदावर 'ब विंग' आहे. सिलिंडरवाल्याच्या वहीत ब विंग आहे. पंचवीस वर्षांत लग्न होऊन गेलेल्या मुलींच्या तोंडात ब विंग आहे. हे सगळं एका दिवसात इंद्रायणी होणार नाही. आणि रात्री दोन वाजता फोनवर घाबरलेला माणूस जुनंच नाव सांगणार.

म्हणून ठरावात तीन गोष्टी घालाव्यात, अशी माझी विनंती आहे. पहिली, नदीचं नाव आणि अक्षर, दोन्ही एकाच पाटीवर, आणि अक्षर मोठं. 'ब – कृष्णा' असं. दुसरी, पाटी जिन्याच्या आत नको. गेटमधून आत येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला बसल्या जागेवरून दिसेल अशी हवी, आणि रात्री तिच्यावर दिवा हवा. तिसरी, गेटपाशी चारही विंगचा एक साधा नकाशा, मराठीत आणि इंग्रजीत, बाणांसह. हवं तर प्रत्येक विंगच्या खांबाला वेगळ्या रंगाचा पट्टा द्या, म्हणजे वाचता न येणाऱ्या पोरालाही आपलं घर सापडेल.

खर्चाचं खजिनदारांशी बोलले आहे. महोत्सवाच्या मंडपापेक्षा तो बराच कमी येतो, असं ते म्हणाले. ते मान हलवताहेत, तेव्हा खरं असावं.

पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय येणार आहे. नदी कुठली आवडते त्यावर जरूर भांडा, सोसायटीत तेवढं चालायचंच. पण नावांचं ठरेपर्यंत थांबू नका. अ, ब, क, ड ही अक्षरं या पावसाळ्याआधी भिंतीवर परत आली पाहिजेत. रंगाचे दोन डबे शिल्लक आहेत, गच्चीवरच्या खोलीत ठेवलेत. मी बघून आले आहे.